भर दुपारचा फोटो

मेक्सिकोतल्या आमच्या ग्वानाह्वातोत डोंगरउतारावर घराला घर चिकटलेलं, आणि एकाचा रंग दुसऱ्याला नाही. माझा नवरा आन्सेल्मो या डोंगराचे फोटो विकून आमचं पोट भरतो. संध्याकाळच्या तिरप्या उन्हाशिवाय तो कॅमेऱ्याला हात लावत नाही. दुपारचं ऊन म्हणे रंगांचा जीव घेतं. जेवण गार झालं तरी चालेल, ऊन हुकता कामा नये!

समोरच्या उतारावरच्या डोन्या एलोदियाने आपलं पिवळं घर विकलं आणि ती मुलीकडे सेलायाला निघाली. नवा मालक ते निळं करणार होता. पिवळा रंग तिच्या नवऱ्याने, तिबुर्सियोने, देवाघरी जायच्या आदल्या वर्षी स्वतःच्या हाताने दिलेला. "सगळा डोंगर येऊ दे फोटोत," ती आन्सेल्मोला म्हणाली, "पण आमचं घर ओळखू आलं पाहिजे."

त्याने आमच्या गच्चीवरून जीव ओतून फोटो काढला, चांगला मोठा छापला. अख्खा डोंगर सोन्यात बुडवून काढलेला! मलासुद्धा नवऱ्याचा अभिमान वाटला.

डोन्या एलोदिया बघतच राहिली. "छान आहे रे बाळा. पण हे आमचं घर नव्हे. एवढा श्रीमंत नव्हता माझा तिबुर्सियो."

घरी येईपर्यंत आन्सेल्मोचं तोंड एवढंसं झालं होतं. "आता काय करू? उद्या सकाळी रंगारी येतायत."

"उद्या सांता क्रूस ना! गवंड्या-रंगाऱ्यांचा सण. क्रूस फुलांनी सजवतील, बिअर पितील आणि आडवे होतील. ब्रशला कोण हात लावतंय? तू दुपारी चढ गच्चीवर."

"भर दुपारी? लोक हसतील मला."

"मी रोज हसते. काय बिघडलं तुझं?"

दुसऱ्या दिवशी अर्धवट बांधकामांवरून फटाके वाजत होते. ऊन डोक्यावरून भिंतींवर घसरत होतं आणि एकेक पोपडा, एकेक ओघळ उघडा पाडत होतं. आन्सेल्मोने कडू औषध घेतल्यासारखं तोंड करून फोटो काढला.

छापलेला फोटो डोन्या एलोदियाने डोळ्यांजवळ नेला. मग वरच्या खिडकीच्याही वर, कोरी राहिलेली राखाडी पट्टी दिसत होती, तिच्यावर तिने बोट ठेवलं.

"इथं त्याचा हात पोचेना. अजून एक पायरी चढतो म्हणाला. शिडी मी धरलेली. मीच ओरडले, उतर खाली म्हाताऱ्या, राहू दे तेवढं. आणि ऐकलं हो त्याने माझं. जन्मात एकदाच."