राजवाड्यामागची कपाटं

लग्न होऊन मी या गल्लीत आले तेव्हा माझ्या सासूबाई आणि शेजारच्या हेडबाई एकमेकींशी बोलत नव्हत्या. हे न बोलणं इतकं मुरलेलं होतं की त्यालाही एक शिस्त आली होती. सकाळी दोघी एकाच वेळी दार उघडायच्या, आपापली पायरी झाडायच्या, समोरच्या भिंतीकडे बघत उभ्या राहायच्या आणि एकाच वेळी आत जायच्या. भांडण कशावरून, तर सासूबाईंच्या शिलाई मशीनवरून. सासूबाई पडदे शिवतात. नाटकगृहांचे, हॉटेलांचे, मोठमोठे पडदे. हेडबाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि दुपारच्या घरी राहू लागल्या, तेव्हा त्यांना कळलं की भिंतीपलीकडे दुपारभर घडघड चालते. त्यांनी नगरपालिकेत तक्रार केली. सासूबाईंनी त्या दिवसापासून मशीन मुद्दाम भिंतीला चिकटवून ठेवलं.

आमचं शहर एके काळी राजधानी होतं. राजधानी दुसरीकडे गेली त्याला जमाना झाला. राजवाडा मात्र मागे राहिला, आता तिथे संग्रहालय आहे. लोक लांबून येतात, सिंहासन बघतात, तलवारी बघतात, राजाचं संगमरवरी न्हाणीघर बघून 'बापरे' म्हणतात आणि परत जातात. राजवाड्याच्या पाठीला लागून आमची गल्ली. तिथे कुणी आलंच तर स्वच्छतागृह शोधत येतं. पूर्वी इथे राजवाड्याच्या शिंपिणी राहायच्या, एवढंच आम्हाला ठाऊक होतं, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं.

गल्लीची एक खास बोली आहे. आल्या आल्या मला ती फार चमत्कारिक वाटली. शेजारची बातमी कशी कळली असं विचारलं की इथे म्हणतात, 'कपाटातून कळलं.' माझ्या माहेरी अशा वेळी 'वाऱ्याने सांगितलं' म्हणायचे. मी नवऱ्याला विचारलं, कपाटातूनच का? तो म्हणाला, "का म्हणजे काय? असंच म्हणतात." मीही मग तसंच म्हणायला लागले.

मी दुकानांच्या पाट्या रंगवते. रंगाचे डबे जिन्यात ठेवायची, आणि त्यावरून घरातले सगळे आळीपाळीने ठेचकाळायचे. एका दुपारी सासूबाई म्हणाल्या, "वरच्या मागच्या खोलीतलं भिंतीतलं कपाट घे तू. माझ्या चिंध्याच आहेत त्यात."

सासूबाईंनी आपणहून काहीतरी दिलं, याचाच मला इतका आनंद झाला की मी लगेच कामाला लागले. आमचं तेव्हा फार सांभाळून चालायचं. 'आई, चहा ठेवू का?' 'ठेव, तुला हवा असेल तर.' बोलणं असं, जणू दोघी कुठल्या तरी कचेरीत भेटलोय. चिंध्या काढल्या, फळ्या काढल्या. कपाटाच्या पाठीला रंगाचे थरावर थर. मी रंग काढायच्या पत्रीने खरवडायला घेतलं, तर कडेला लोखंड लागलं. बिजागरी. त्याखाली आणखी एक.

"आई," मी म्हटलं, "कपाटाच्या पाठीला बिजागरी कशाला असेल?"

सासूबाई मशीन थांबवून आल्या. वाकून बघितलं. मग त्यांनी कात्रीचं टोक फटीत घातलं, ज्या कात्रीला मला हात लावायचीही मुभा नव्हती त्या कात्रीचं, आणि जोर लावला. फळी करकरत आमच्याकडे उघडली. आत हातभर पोकळी, भरपूर धूळ, आणि समोर दुसरी फळी.

"ढकल," सासूबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "पलीकडे हेडबाई असतील."

"असू दे. ढकल."

दोघींनी खांदा लावला. फळी एकदम सुटली आणि आम्ही पुस्तकांच्या एका चळतीसकट पलीकडच्या खोलीत जाऊन पडलो.

खोलीच्या मधोमध हेडबाई उभ्या होत्या. शाळेत ज्यांच्या पावलांचा आवाज आला की वर्ग गार पडायचा त्या हेडबाई, एक पाय हवेत, एक हात डोक्यावर, कमरेला चकाकणारी ओढणी. टेबलावर फोन उभा केलेला आणि त्यात एक तरुणी नाच शिकवत होती. फोनचा आवाज बंद होता.

हेडबाईंचा पाय हळूहळू खाली आला.

"मशीन का थांबलं?" त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांनंतरचं त्यांचं हे पहिलं वाक्य.

"म्हणजे?" सासूबाई जमिनीवरूनच म्हणाल्या.

"मशीन थांबलं की माझा ताल चुकतो." हेडबाईंनी ओढणी सोडायचा प्रयत्न केला. गाठ निघेना. "त्या बाईचं संगीत मला आवडत नाही. तुमचं मशीन बरोबर लयीत चालतं. विशेषतः जाड पडदे शिवता तेव्हा."

"अहो, तुम्ही तक्रार केली होतीत."

"केली होती. नंतर सवय झाली. पण तक्रार मागे घ्यायला तोंड कुठे होतं?"

सासूबाई हसायला लागल्या. मी त्यांना हसताना पाहिलं होतं, पण ते ओठ मिटून. हे वेगळंच होतं. त्या पुस्तकांवर लोळत होत्या. त्यांना बघून मला हसू फुटलं, मला बघून हेडबाईंना, आणि ओढणीची गाठ सोडवायला म्हणून आम्ही तिघी ज्या बसलो त्या बराच वेळ तशाच बसलो.

गाठ सुटली तेव्हा हेडबाईंचं लक्ष खोलीच्या दुसऱ्या भिंतीकडे गेलं. तिथेही भिंतीतलं कपाट होतं. आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"पलीकडे डॉक्टरांचा दवाखाना," मी म्हटलं.

"दारावर टकटक करून जाऊ," हेडबाई म्हणाल्या. शिस्त ती शिस्त.

आता आम्हाला खुबी कळली होती. फळ्या काढायच्या, कडेचा रंग खरवडायचा, फटीत कात्री. हेडबाईंनी खरंच पलीकडच्या फळीवर टकटक केली. आतून दातांच्या डॉक्टरांचा आवाज आला, "या, बसा, नंबर लागेल." ते दाराच्या बाजूला बघत असणार. आम्ही ढकललं, आणि औषधांच्या शेल्फाखालून एकेक करून रांगत आत आलो. खुर्चीत एक जाडजूड गृहस्थ तोंड उघडून बसले होते. त्यांनी आम्हाला पाहिलं, पण तोंडात सगळी हत्यारं होती, सांगणार कसे. नुसतेच बोट दाखवून 'आ आ' करत राहिले.

"दुखतंय का?" डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, मागे बघा," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी मागे बघितलं. पांढऱ्या धुळीने माखलेल्या तीन बायका, एकीच्या हातात हातभर कात्री. डॉक्टर सज्जन माणूस. ते एवढंच म्हणाले, "सुन्न करायचं इंजेक्शन मी यांना दिलंय, मला नाही. मग मला हे का दिसतंय?"

सगळं सांगितल्यावर त्यांनी हातमोजे काढले. पेशंट खुर्चीतून उठले. त्यांचा एक गाल आधीच बधिर झाला होता. "मी फण येफो," ते म्हणाले. कुणी नाही म्हणालं नाही.

पुढचं घर घड्याळवाल्या आजोबांचं. गल्लीतले सगळ्यात जुने तेच. तिथे फळी ढकलायची वेळच आली नाही. आमची खुडबुड ऐकून आजोबांनी आपल्या बाजूने कपाट रिकामं करून ठेवलं होतं आणि समोर स्टूल टाकून बसले होते.

"उंदीर असतील म्हणून काठी घेऊन बसलो होतो," ते म्हणाले. "हे तर डॉक्टर निघाले."

मग त्यांनी कपाटात डोकं घातलं, दूरवर सासूबाईंच्या खोलीतल्या दिव्याचा उजेड दिसत होता तो पाहिला, आणि काठी खाली ठेवली.

"माझी आजी म्हणायची, 'बाहेर कशाला जाऊ, मी कपाटातून जाऊन येते.' सगळी भावंडं हसायचो. म्हातारी चळली म्हणायचो. ती तिच्या आजीचं ऐकून म्हणायची." त्यांनी पुन्हा कपाटात डोकावून पाहिलं. "म्हणजे खरंच जात होत्या की काय?"

'कपाटातून कळलं.' आम्ही सगळे हे रोज म्हणत होतो. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी इतकं हसू आलं की दोन्ही एकदम कसं सांभाळावं कळेना. आजोबा तर हसता हसता स्टुलावरून घसरले, डॉक्टरांनी त्यांना धरलं, आणि डॉक्टरांना पेशंटने.

आजोबांच्या घरापुढे घर नव्हतं. तिथे गल्ली संपते आणि राजवाड्याची भिंत लागते. पण आजोबांच्या वरच्या खोलीत, त्याच बाजूला, भिंतीतलं कपाट होतंच.

"आता पुरे," हेडबाई म्हणाल्या. "पलीकडे सरकारी मालमत्ता आहे."

"कात्री द्या इकडे," आजोबा म्हणाले.

इथली भिंत जाड होती. फळीमागे एक अरुंद बोळ निघाला, एका वेळी एकच माणूस जाईल इतका. सासूबाई पुढे, मागे मी, मग हेडबाई, आजोबा, डॉक्टर आणि शेवटी पेशंट, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून. मिट्ट काळोख. बोळाच्या टोकाला फळी लागली आणि तिच्यापलीकडून एका बाईचा आवाज आला, स्वच्छ, घोटलेला.

"हा राजवाड्याचा पोशाखखाना. आणि हे राणीसाहेबांचं कपाट. नाजूक आहे, त्यामुळे ते कित्येक वर्षांत कुणी उघडलेलं नाही."

आम्ही सगळे दगड झालो. परत फिरायचं तर पेशंटने आधी मागे सरकायला हवं, आणि पेशंटला वाटत होतं आपण पुढे निघालोय. तेवढ्यात हेडबाईंना शिंक आली. अशी शिंक मी त्याआधी किंवा त्यानंतर ऐकलेली नाही. मी सासूबाईंवर आदळले, सासूबाई फळीवर, आणि राणीसाहेबांचं कपाट उघडून आम्ही सहाच्या सहा जण राजघराण्याच्या पोशाखखान्यात प्रकट झालो.

पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. पेशंटने वाकून नमस्कारही केला.

संग्रहालयाच्या संचालिकाबाई मात्र पांढऱ्या पडल्या. "तुम्ही कुठून आलात?"

"गल्लीतून," सासूबाई म्हणाल्या. "कपाटातून."

संचालिकाबाई कपाटात शिरल्या. बराच वेळ आतच होत्या. बाहेर आल्या तेव्हा केसांत जळमटं होती आणि डोळ्यांत पाणी. दोरी लावलेल्या, कुणीही बसू नये अशी पाटी असलेल्या मखमली आसनावर त्या सरळ बसल्या.

"शिंपिणींचा संप," त्या म्हणाल्या. "मी आयुष्यभर त्याच्यावर डोकं फोडतेय."

मग त्यांनी सांगितलं. पर्यटक, आम्ही, दारावरचा पहारेकरी, सगळे जमिनीवर बसून ऐकत होतो. एका राणीला आपल्या बागेकडे कुणी बघितलेलं खपत नसे. तिच्यासाठी आमच्या गल्लीतल्या मागच्या सगळ्या खिडक्या विटा रचून बुजवल्या. शिंपिणी दिवसाढवळ्या अंधारात बसून जरीकाम करू लागल्या, डोळे जायला लागले. एकदोघींनी रस्त्यात उभं राहून त्याबद्दल बोलायला सुरुवात केली, तर हुकूम निघाला की या गल्लीतल्या बायकांनी एकत्र उभं राहायचं नाही, एकमेकींच्या दारात जायचं नाही. दरेक दारासमोर शिपाई. आणि तरीही, राजाच्या मिरवणुकीच्या तोंडावर, एका सकाळी गल्लीतल्या सगळ्या घरांतल्या सुया एकदम थांबल्या. सगळ्यांची मागणी एकच, शब्दाला शब्द तीच: आधी उजेड द्या.

"दरबारानं खूप शोधलं, यांनी ठरवलं कसं. शिपायांना फितूर ठरवून काढून टाकलं. शेवटी राजा गेल्या वर्षीचाच अंगरखा घालून मिरवणुकीला गेला."

"तो तरी धड होता का?" सासूबाईंनी विचारलं. धंद्याचा प्रश्न.

"काखेत उसवलेला. त्यामुळे त्याला हात वर करून लोकांचा मुजरा घेता आला नाही. सबंध रस्ताभर नुसती मान हलवत गेला. नंतर आठवड्याभरात विटा काढल्या."

सासूबाईंनी हेडबाईंचा हात धरला होता. दोघींच्याही ते लक्षात नव्हतं. पोशाखखान्याच्या मोठ्या खिडकीतून आमच्या गल्लीची पाठ दिसत होती, ओळीने खिडक्या, दरेक खिडकीभोवती वेगळ्या रंगाच्या विटांची कड. एवढ्या पाट्या रंगवल्या मी, रंगांवर पोट भरते, आणि ती कड मला कधी दिसली नव्हती.

"म्हणजे आपल्या खोल्यांतलं ऊन त्यांनी मिळवलेलं," सासूबाई हळूच म्हणाल्या. "आणि मी तिथे पडदे शिवतेय."

यावर हेडबाईंना जे हसू फुटलं ते थांबेचना.

आल्या वाटेनेच परतलो. संचालिकाबाई आणि काही पर्यटकही मागोमाग आले. संध्याकाळी नवरा कामावरून घरी आला तेव्हा त्याच्या ताटात एक अनोळखी जाडजूड गृहस्थ एका गालाने सावकाश जेवत होते, आणि वरून नाचण्याचा आवाज येत होता. "हे कोण?" त्याने विचारलं. "डॉक्टरांचा पेशंट," मी म्हटलं. "आणि वर?" "वर आई."

आमच्या घराच्या दुसऱ्या बाजूची घरं राहिलीच होती. ती पुढच्या काही दिवसांत गल्लीने स्वतःच उघडली. कुणाच्या कपाटामागे सुया सापडल्या, कुणाच्या पोकळीत लहान मुलाचं चामडी पायताण, आणि उंबरे सगळीकडे सारखेच, मध्ये खोलगट झिजलेले.

नगरपालिकेला कळलंच. भिंती धोक्यात आहेत, सगळी भोकं बुजवा, अशी बोलणी सुरू झाली. अग्निशमन खात्याचा एक तपासनीस आला, गंभीर चेहऱ्याचा, हातात मोजपट्टी. आम्ही सगळे जिन्यात श्वास रोखून उभे. त्याने आमचं कपाट मोजलं, हेडबाईंचं मोजलं, बोटाने लाकूड वाजवून पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाला, "या गल्लीतल्या घरांना आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट नाही, म्हणून आम्ही किती वर्षं नोटिसा काढतोय. तुमच्याकडे ही वाट होती तर सांगितलं का नाही?"

"आम्हालाच आत्ता कळलं, साहेब."

"यांना कुलूप लावायचं नाही. समोर सामान ठेवायचं नाही. सापडलं तर दंड होईल."

असं बोलून त्याने मोजपट्टी गुंडाळली. जायला निघाला, आणि जिन्यापाशी घुटमळला.

"मला नियमाप्रमाणे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन बघावं लागेल," तो म्हणाला.

"जा की," सासूबाई म्हणाल्या.

त्याने बूट काढून हातात घेतले, वाकला, आणि कपाटात शिरला. हेडबाईंच्या खोलीतून त्याची पावलं ऐकू आली, मग दवाखान्यातून कुणीतरी दचकल्याचा आवाज, मग आजोबांचं खोकणं आणि 'बसा, चहा टाकतो.' बऱ्याच वेळाने राजवाड्याच्या बाजूने, फार लांबून, एक मोठा माणूस एकटाच खदखदून हसत असल्याचं आम्हाला ऐकू आलं.