कालवणातला नारळ

हरिहर परब आणि काळुराम दर बुधवारी दुपारी बाहेर जेवायचे. दोघांनी कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं एकाच शिफ्टला काम केलेलं. कारखाना बंद झाला, जमीन बिल्डरकडे गेली आणि तिथे पस्तीस-पस्तीस मजल्यांचे टॉवर उभे राहिले. टॉवरखाली दुकानांचे गाळे आले आणि त्या गाळ्यांत महिन्याला एक तरी नवीन खायचं ठिकाण उघडायला लागलं. हरिहरला खाण्याची भारी हौस. डोंबिवलीहून तो मुद्दाम यायचा. काळुराम कोलशेत गावातलाच कोळी, त्यामुळे त्याला यायचं म्हणजे चप्पल पायात घालायचा अवकाश.

दोघांनी काय काय खाऊन पाहिलं त्याला गणती नव्हती. मोमो खाल्ले, बंगाली रोल खाल्ले, राजस्थानी थाळीतली डाळबाटी तुपात बुडवून खाल्ली. एका ठिकाणी काळ्या पावाचा बर्गर आला तेव्हा काळुराम म्हणाला, "हरी, हा जलला काय रं?" आणि वाढणाऱ्या पोरीने हसू दाबत समजावलं तसा गुपचूप संपवला. खाऊन झालं की काळुराम बाहेर येऊन उभा राहायचा आणि कुठे काय होतं ते सांगायचा. इथे मिठागर, तिथे आमची होडी लागायची, या गेटपाशी मोठी चिंच. हरिहरने ते सगळं दहादा ऐकलेलं, तरी तो मान डोलवायचा.

तीन वर्षांपूर्वी काळुरामची बायको रतन गेली. तेव्हापासून या बुधवारांना दोघंही जास्तच जपायला लागले, पण तसं कोणी बोलून दाखवलं नाही.

एक दिवस हरिहरला करिश्माचा फोन आला. करिश्मा काळुरामची सून, त्याच्या मुलाची, दर्शनची बायको. "काका, बाबांना सांगू नका हं. मी ऑफिस सोडलंय. घोडबंदर रोडला गाळा घेतलाय, जेवणाचं हॉटेल टाकतेय. दर्शनला माहितीये, पण बाबांना सांगायची हिंमत होत नाही."

"का गं? चांगलंच आहे की."

"ते म्हणतात, आपल्या घरात आलेल्याला वाढतात, विकत नाहीत. आईंनी कोणाकडून रुपया घेतला नाही. तुम्ही आधी चव बघायला या ना. तुम्हाला खाण्यातलं कळतं."

या शेवटच्या वाक्याने हरिहर विरघळला. दुसऱ्याच दिवशी गेला. सहा टेबलं, नवा रंग, बाहेर 'खाडीकिनारा' अशी पाटी. करिश्माने कोळंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. सासूच्याच पद्धतीचं, चिंचेचं, लालभडक. तीन वर्षांत सवय सुटली होती, पहिल्या घासाला हरिहरच्या कपाळावर घाम आला.

"आसपासच्या लोकांना बोलावून ट्रायल घेतली," करिश्मा म्हणाली. "सगळे म्हणतात, टू स्पायसी. अर्धं ताटात टाकून जातात. काय करू?"

हरिहर मूळचा मालवणकडचा. "थोडा नारळ वाटून लाव," तो म्हणाला. "तिखट मरेल, दाटपणा येईल. आमच्याकडे असंच करतात."

तिने तसं केलं, आणि खरंच गिऱ्हाईक टिकायला लागलं. महिन्याभराने तिने पुन्हा फोन केला. "काका, आता बाबांना घेऊन या. काही सांगू नका. आधी जेवू देत, मग मी बाहेर येते." हरिहरला ही युक्ती फार आवडली. जेवणाने माणूस मऊ होतो, असा त्याचा अनुभव होता.

त्या बुधवारी काळुराम टेबलाशी बसला. भिंतीवरचे होडीचे फोटो बघून म्हणाला, "कोनी आगरी-कोल्याने टाकलंय वाटतं." ताट आलं. त्याने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला, खाल्ला आणि थांबला. दुसरा घास सावकाश खाल्ला.

"कसं आहे?" हरिहरला दम धरवेना.

"मसाला आमचा हाय. पन कालवन आमचं नाय."

तेवढ्यात करिश्मा आली. ओढणीला हात पुसत, घाबरून हसत. काळुरामने तिच्याकडे पाहिलं, मग आतल्या शेगडीकडे, मग हरिहरकडे. आवाज चढला नाही. "म्हनजे तू ऑफिसला जात नव्हतीस."

"बाबा, मी सांगणारच होते."

"ह्यान नारल कोनी टाकला?"

 करिश्माची नजर क्षणभर हरिहरकडे गेली, आणि तेवढं पुरलं. काळुरामने ताटात हात धुतले नाहीत, बेसिनशी जाऊन नीट धुतले, आणि चालता झाला. हरिहर मागोमाग रस्त्यापर्यंत गेला, तर तो रिक्षात बसून निघूनही गेला होता.

पुढचे तीन बुधवार काळुरामने फोन उचलला नाही. पहिल्या बुधवारी हरिहर डोंबिवलीतच स्टेशनजवळच्या नव्या कॅफेत गेला. मेनू मोबाईलवर उघडायचा होता. ते जमेपर्यंत भूक मेली, आणि जे आलं ते कसं होतं हे सांगायला समोर कोणी नव्हतं. दुसऱ्या बुधवारी तो घरीच जेवला. बायकोने विचारलं, "आज गेला नाहीत?" तो म्हणाला, "पोट ठीक नाही." मनाला वाटत होतं, एवढं काय मोठं केलं मी? पोरीला मदतच केली की! पण रात्री काळुरामचं ते सावकाश चावणं डोळ्यांपुढे यायचं.

चौथ्या बुधवारी तो सरळ कोलशेतला काळुरामच्या घरी गेला. काळुराम पडवीत जाळं पसरून बसलेला. आता होडीवर जात नसला तरी हाताला सवय होती.

"बस," तो म्हणाला. त्याने धागा ओढून गाठ मारली.

"तू चिडलायस ते तिने विकायला काढलं म्हणून ना?" हरिहरने विचारलं.

"चिडलो त्याचेवर पन. दोन दिस. मंग दर्शन बोलला, बाबा, तिला ऑफिसान रडायला यायचं, हितं ती हसते. त्यावर मी काय बोलनार?" त्याने जाळं खाली ठेवलं. "मना दुसरंच लागलं. तू माजे घरान अठ्ठावीस वर्सं जेवलास. रतनच्या हातचं. दर वक्ताला बोलायचास, वहिनी, झकास. आनि तुज्या मनात व्हतं, नारल पायजे?"

हरिहरला वाटलं, पटकन नाही म्हणून मोकळं व्हावं. पण समोर काळुराम होता.

"पहिल्या वर्षी वाटायचं," तो म्हणाला. "जीभ जळायची. घरी जाऊन साखर खायचो. मग सवय झाली, आणि मग आमच्याकडचं मला गुळमट लागायला लागलं. त्यानंतर वहिनींना मी खोटं कधी बोललो नाही, काळू. पण त्या पोरीने विचारलं तेव्हा मी टॉवरमधल्या लोकांचा विचार केला. वहिनींचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. ते चुकलं."

 काळुराम एकदम हसला. "साखर खायचास? सांगायचं व्हतंस. रतनने तुला गूळ दिला असता."

त्या दिवशी दोघं घरीच पिठलं-भात जेवले. निघताना काळुराम म्हणाला की त्याने करिश्माला चिंचेचं माप सांगितलंय, पण नारळ काढायचा की ठेवायचा ते तिचं तिने ठरवावं. हॉटेल तिचं आहे.

करिश्माने नारळ काढून टाकला. काही गिऱ्हाईकं तुटली. संध्याकाळची गर्दी कमी झाली ती अजून पुरती भरून आलेली नाही, आणि ते तिने हरिहरला स्पष्ट सांगितलं. "पण आता कोणी विचारलं की हे काय आहे, तर आईंचं कालवण, असं उत्तर देता येतं, काका."

पावसाळा संपता संपता एका बुधवारी काळुराम आपणहून म्हणाला, "चल, पोरीचे हॉटेलान जाऊ." तिथे तो अवघडूनच बसला, गल्ल्याकडे पाठ करून. शेजारच्या टेबलावर एक तरुण जोडपं होतं, गळ्यात ऑफिसची ओळखपत्रं. मुलगी मेनू वाचताना अडली. "हे निवटी म्हणजे काय असतं?" तिने नवऱ्याला विचारलं. त्याने खांदे उडवले.

काळुराम खुर्चीसकट वळला. "मासा हाय, बाय. चिखलान ऱ्हातो, चिखलावर चालतो. बिळान हात घालून धरायचा, चपळ लय. तुमी ऱ्हाता कुठं?"

तिने टॉवरचं नाव सांगितलं.

"तितंच. तुमची गाडी लागते ना, तितंच मी धरायचो, लहानपनी." आणि मग भरती कशी ओळखायची, बीळ रिकामं आहे की भरलेलं ते चिखलाच्या रंगावरून कसं कळतं, हे तो हातवारे करून सांगत सुटला. जोडपं मोबाईल उलटा ठेवून ऐकत होतं.

हरिहरची भाकरी गार होत होती. त्याने करिश्माला खूण करून दोन प्लेट निवटी त्या टेबलावर आणि एक आपल्याकडे मागवली.