रेघेखालचं नाव

त्र्यंबकरावांचं अमेरिकेतल्या आयसेलिनमधलं जुन्या सामानाचं दुकान म्हणजे निम्मं दुकान आणि निम्मी गप्पांची बैठक होती. गिऱ्हाईक खुर्ची बघायला आलं की ते त्याला त्याच खुर्चीत बसवत, चहा पाजत, आणि हकिकत अशी रंगवत की उठताना त्या माणसाला खुर्ची सोडवत नसे. शिक्षण चौथीपर्यंत, पण लाकूड, पितळ आणि माणूस ते नुसत्या स्पर्शानं ओळखत. हमखास चालणारी हकिकत दत्तकाची.

"मी जन्मानं पुरुषोत्तम, वाईचा. पाचव्या वर्षी साताऱ्याला दत्तक गेलो नि त्र्यंबक झालो. तिथल्या वंशावळीत नाव चढलं, वाईच्या वंशावळीतून खोडलं. वर्षभरानं जन्माची आई भेटायला आली, पाठीमागून 'पुरू' म्हणाली, आणि मी वळलोच नाही!"

इथं ते हसत. गिऱ्हाईकही हसे.

१९८२ साली उत्तर जर्सीतल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या पश्चात त्यांच्या घरातलं सामान विकायला निघालं, त्यात चामडी बांधणीची एक वही त्र्यंबकरावांकडे आली. लॅम्बर्न घराण्याची वंशावळ होती ती. मूळचे इंग्रज, तीनशे वर्षं आयर्लंडात जमीनदारी केलेले, बापामागून थोरल्या मुलाला 'सर' ही पदवी मिळत आलेले. थोरल्याचं नाव आलटूनपालटून ह्यू आणि जेरल्ड, आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तसं. शेवटचं नाव सर जेरल्ड. त्यांच्याखाली कुणीतरी एक रेघ आखून ठेवली होती, आणि रेघेखाली पुढच्या ह्यूची जागा कोरी होती.

त्याच आठवड्यात नातवाचं बारसं होतं. पाळण्यात ठेवलेलं नाव वंशावळीत चढलंच पाहिजे असा त्र्यंबकरावांचा आग्रह. पण वंशावळ राहिली साताऱ्याला. मग त्यांनी ती वही काढली आणि सर जेरल्डखाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'श्रीरंग'.

"रेघ आयती आहे, वाया कशाला घालवायची? घ्या, आमचा नातू सर झाला!"

"बाबा, यार, तुम्ही पण ना!" मुलगा विनय म्हणाला. सून दीपानं वहीवर हळदकुंकू वाहिलं. सगळे पोट धरून हसले.

श्रीरंग चार वर्षांचा होईतो काही बिघडलं नाही. एकच खोड होती. तो दार कधी स्वतः उघडत नसे. दारासमोर जाऊन, हात पाठीशी बांधून, शांतपणे उभा राहत असे. "नवाबसाहेब आले," म्हणत दीपा दार उघडी. बोलायचा तो इंग्रजीच; पण इथल्या सगळ्यांचीच मुलं इंग्रजीत उत्तर देतात, त्यामुळे ती इंग्रजी कुठली हे कुणी कान देऊन ऐकलं नाही.

ऐकलं ते एका म्हाताऱ्या आयरिश प्लंबरनं. तो दुकानात नळ बसवत असताना श्रीरंग त्याला काहीतरी म्हणाला, आणि त्या सत्तरीच्या माणसानं चटकन डोक्यावरची टोपी काढली. मग स्वतःच ओशाळला.

"कुणाचा मुलगा हा?"

"माझा नातू."

"लहानपणी टेकडीवरच्या जमीनदारांच्या मोठ्या घरात असं बोललेलं ऐकलंय मी," तो म्हणाला. "आम्हाला तिथं मागच्या दारानं जावं लागे."

तो गेल्यावर त्र्यंबकरावांनी वही काढली. अक्षर त्यांचंच होतं, शाई तशीच. त्यांनी दाढीचं पातं घेतलं आणि श्रीरंगचं नाव सावकाश, कागद न फाटू देता, खरवडून काढलं. रेघ तेवढी राहिली. काम चोख झालं म्हणून त्यांना हायसं वाटलं. पण मग ते पातं पुसायला बसले. वाईला आपलं नावही असंच कुणीतरी चोख काढलं असेल, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि पोरगा आता कुठल्याच कागदावर आपला म्हणून नाही, हेही.

त्या दिवसापासून श्रीरंग हाकेला ओ देईना. डॉक्टरांनी कान तपासले. कान उत्तम होते. तो हट्ट करत नसे, रडत नसे. दीपानं भरवलेला घास संपला की 'थँक यू' म्हणे, पाहुण्यांच्या घरी म्हणावं तसं. "बाबा, तो मला आई म्हणत नाही हो," दीपा म्हणाली आणि तिथंच खाली बसली.

पुढच्या रविवारी दुपारी दुकानात दोघंच होते. काचेच्या दारासमोर, पाठ करून, हात मागं बांधून पोरगा उभा होता. बाहेर रिकामं पार्किंग.

"श्रीरंग," त्यांनी हाक मारली. "रंगा. बाळा, इकडे बघ."

पाठ हलली नाही.

आणि तेव्हा त्यांना त्या हकिकतीचा उरलेला भाग आठवला, जो त्यांनी कधी कुणाला सांगितला नव्हता. आई तशीच परत गेली नव्हती. तिनं आणखी एकदा हाक मारली होती, दुसऱ्या नावानं. "त्र्यंबक" म्हणाली होती ती, आणि ते वळले होते. तिनं डोळे भरून पाहिलं होतं, आणि त्यानंतर ती साताऱ्याला कधी आली नाही.

पण त्यांना पोराचं तोंड एकदा पाहायचं होतं.

"ह्यू," ते हळूच म्हणाले.

पोरगा वळला. गोड हसला. मग नजरेनं त्यानं दाराकडे खूण केली.

त्र्यंबकराव उठले आणि त्यांनी दार उघडून धरलं.