दुमडलेला कोपरा

मित्रांनो, माझ्या सत्तेचाळिसाव्या पानाचा उजवा कोपरा आत दुमडलेला आहे. तो लगेच उघडू नका. का, ते सांगते. पण त्यासाठी पहिल्या पानापासून यायला हवं.

मी एक जुनी वही. निळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानांची. जपानमधल्या सागिउरा गावी, स्टेशनरस्त्यावर, निशिगाकी तोमिए-सान यांचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. त्यांनी मला शेजारच्या कागदवाल्याकडून आणलं, सुईनं माझ्या कोपऱ्याला भोक पाडलं, त्यात दोरा ओवला, दोऱ्याला पेन्सिल बांधली आणि मला काउंटरवर ठेवलं. पेन्सिल माझी पाठराखीण. ती झिजत गेली, मी भरत गेले.

माझं काम काय, तर लोकांना लोकांशी बोलतं करायचं. कुणी एखादी अ‍ॅनिमे मालिका पाहून संपवली की माझ्यात लिही, ‘अमुक पाहून झाली. आता संध्याकाळ खायला उठते. तशीच दुसरी सांगा.’ खाली दुसरं कुणी उत्तर लिही. खरं नाव कुणीच लिहीत नसे. एक होता ‘तिसरा गिअर’, एक होती ‘ओला मोजा’. अक्षर ओळखीचं, माणूस अनोळखी. माझ्या पानांवर शेजारी शेजारी बसलेली माणसं रस्त्यात समोरासमोर आली तरी मान खाली घालून पुढे जात.

‘तिसरा गिअर’ मात्र सगळ्या गावाला ठाऊक होता. ते कुवाबारा तेत्सुजी-सान, निवृत्त बसचालक, वय सदुसष्ट. दर गुरुवारी यायचे आणि रोबोंच्या मालिका न्यायचे.

“पुन्हा रोबो?” तोमिए-सान विचारायच्या.

“चाळीस वर्षं बस चालवली. माणसं पोटभर बघितली. आता रोबो बघतो.”

“रोबो तरी भाडं वेळेवर देतात का?”

“निदान मागच्या दारानं चढत नाहीत.”

माझ्या पहिल्या पानावर तोमिए-सान यांनी एकच नियम लिहिला होता, ठसठशीत अक्षरात : ‘शेवट सांगू नये. सांगितल्यावाचून राहवतच नसेल, तर पानाचा कोपरा दुमडून आत लिहावं. ज्यांनी पाहिलंय त्यांनीच उघडावं.’ हा नियम सागिउरात देवळातल्या नियमासारखा पाळला जाई. कोपरे दुमडले जात, कुणीही डोकावत नसे. मला त्याचा अभिमान होता. त्या नियमानं कुणाला लागेल, हे माझ्या पानातही नव्हतं आणि मनातही नव्हतं.

एका नोव्हेंबरात काजितानी मिझुहो-सान पहिल्यांदा आल्या. माशाच्या वड्यांच्या कारखान्यात नव्यानं लागलेल्या, सव्वीस-सत्तावीसच्या. पायांत कारखान्याचे पांढरे गमबूट, बोलणं मोजकं. गावात ओळखीचं कुणी नाही. कारखाना, खोली आणि आमचं दुकान, एवढंच त्यांचं जग. त्यांनी सभासदत्वाचा अर्ज भरला आणि ‘दीपगृहावरच्या बहिणी’ ही मालिका नेली. परत आणली, तीच पुन्हा नेली. पुन्हा आणली, पुन्हा नेली. दर वेळी कॅसेट नीट रिवाइंड केलेली, डबी पुसलेली.

डिसेंबरात त्यांनी पेन्सिल हातात घेतली. सत्तेचाळिसाव्या पानावर अक्षर उमटलं, बारीक, जपून लिहिलेलं : ‘“दीपगृहावरच्या बहिणी” तीनदा पाहून झाली. तशीच दुसरी आहे का? – अर्धं संत्रं.’

किती उत्तरं आली म्हणून सांगू! ‘ओला मोजा’नं लिहिलं, “‘लाटांपलीकडचा दिवा’ बघाच. त्यातही दीपगृह, त्यातही दोन बहिणी, आणि चित्रं तर आणखी सुरेख.” ‘तिसऱ्या गिअर’नं लिहिलं, ‘मलाही आवडली, आणि तिच्यात एकही रोबो नाही.’ खाली तोमिए-सान यांनी लिहिलं, ‘सगळ्या कॅसेट राखून ठेवल्या आहेत.’

आणि उजव्या कोपऱ्यात ‘ओला मोजा’नं आणखी दोन ओळी लिहिल्या आणि नियमाप्रमाणे कोपरा दुमडला. पहिली ओळ होती : ‘नवव्या भागात ताई जाते. मी दोन दिवस जेवले नाही.’

मिझुहो-सान आल्या. तिन्ही उत्तरं वाचून गालात हसल्या. दुमडलेल्या कोपऱ्यावरून त्यांचं बोट फिरलं, नखाला मासळीचा आणि साबणाचा वास. त्या बोटानं एवढा कोपरा वर उचलला असता तर! पण त्या नियम पाळणाऱ्या. मी तर कागद. मला ओरडता येत नाही. त्या कॅसेट घेऊन गेल्या आणि माझ्या घडीत ते वाक्य तसंच मिटून राहिलं.

पुढच्या गुरुवारी सकाळी परतीच्या खिडकीत पिशवी पडलेली दिसली. आत कॅसेट होत्या आणि सभासदत्वाचं कार्डही होतं. तिसरी कॅसेट रिवाइंड केलेली नव्हती.

“काजितानी-सान आणि रिवाइंड न करता?” तोमिए-सान स्वतःशीच म्हणाल्या. त्यांनी ती तशीच काउंटरवरच्या यंत्रात घातली. पडद्यावर दीपगृहाचा कठडा आला. कठड्याला बांधलेली ताईची निळी ओढणी वाऱ्यावर फडफडत होती. ताई नव्हती.

“पोरगी बघता बघता इथेच थांबलीय,” तोमिए-सान म्हणाल्या.

कुवाबारा-सान नेहमीसारखे आले होते. “मग काय झालं? मीसुद्धा नवव्या भागात उठून चहा करायला गेलो होतो.”

“कार्डपण परत टाकलंय हो.”

कुवाबारा-सान यांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली.

तोमिए-सान यांनी अर्जांची फाइल उघडली. मिझुहो-सान यांचा अर्ज निघाला. ‘गरज पडल्यास कुणाला कळवावं’ या रकान्यात लिहिलं होतं : काजितानी चिनात्सु, मोठी बहीण. त्या नावावर पट्टीनं ओढलेल्या दोन सरळ रेघा. शेजारी, खोडणारं आपणच असं सांगणारा, स्वतःच्या नावाचा इवलासा लाल शिक्का. आणि खाली दुसरं नाव नाही. रकाना मोकळा.

“सवयीनं ताईचं नाव लिहिलं असणार,” तोमिए-सान हळूच म्हणाल्या. “मग आठवलं असणार. हा अर्ज मी हातानं घेतला. शिक्का बरोबर लागलाय की नाही, तेवढं बघितलं.”

मग कुवाबारा-सान म्हणाले, “ती पहिली मालिका लावा बरं. तीनदा नेली ना? फीत कुठे दुखते ते बघू.”

तोमिए-सान यांनी लावली. पहिली कॅसेट स्वच्छ गेली. दुसऱ्या कॅसेटवर वादळ झालं, दिवा विझला, बोटी वाचल्या. चित्र जराही हललं नाही. तिसऱ्या कॅसेटच्या मध्यावर मात्र ते थरथरलं, पडद्यावर पांढऱ्या रेघा धावल्या. प्रसंग अगदी साधा. दोघी बहिणी, खाली शेगडी आणि वर पांघरूण असलेल्या बुटक्या टेबलाखाली पाय घालून बसल्यात. ताई एक संत्रं सोलते, दोन भाग करते, मोठा भाग धाकटीला देते. धाकटी म्हणते, तुझा लहान आहे. ताई म्हणते, माझा गोड आहे.

“एकाच जागी थांबवून थांबवून फीत झिजलीय,” कुवाबारा-सान म्हणाले. “आणि नाव तरी काय घेतलंय पोरीनं! अर्धं संत्रं. आपण वाचलं आणि पान उलटलं.”

“दीपगृह पाहिलं की दीपगृह सुचवलं,” तोमिए-सान म्हणाल्या. “दिव्याला दिवा जोडत बसलो.”

“तिला दिवा नकोच होता.”

तोमिए-सान उठल्या. कपाटं धुंडाळू लागल्या. दीपगृह असलेल्या मालिका बाजूला केल्या, बहिणींच्या बाजूला केल्या, समुद्राच्याही केल्या. शेवटी अगदी खालच्या फळीवरून एक धुळकट डबी काढली : ‘पायरीवरची दुपार’. एक न्हावी आणि एक चटई विणणारा, दोघे म्हातारे शेजारी, रोज भांडतात आणि रोज एका पायरीवर बसून डबा खातात. तेरा भाग. चार वर्षांत ती एकदाच गेली होती, तीही चुकून. प्रत्येक मालिकेसमोर तोमिए-सान आपल्या हातानं लिहिलेली एक चिठ्ठी लावत. या बापडीला ती कधी मिळालीच नव्हती. त्या दिवशी त्यांनी लिहिली :

एका पायरीवर। दोघे म्हातारे बसले।
भांडण रोजचे। रोज उरून राहिले।
उरले भांडण। डबा मात्र संपवला।
ज्याचा घास मोठा। त्याने दुसऱ्याला दिला।

“घरी गेलं तर बरं दिसणार नाही,” त्या म्हणाल्या.

“मग कारखान्याच्या फाटकाशी जा. जेवणाची सुट्टी बारा वाजता. त्या मार्गावर अकरा वर्षं बस नेलीय मी.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅसेट आणि मला एकाच जांभळ्या रुमालात बांधलं. दुकानाबाहेर जाण्याची माझी ती पहिलीच वेळ. कापडातून थंडी लागत होती, पेन्सिल माझ्या पाठीवर टकटक करत होती. फाटकाशी गमबुटांचे आवाज आले आणि थांबले.

“निशिगाकी-सान! माफ करा हं, रिवाइंड न करताच टाकली.” आधी माफी मिझुहो-सान यांनीच मागितली.

तोमिए-सान कमरेत वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. “माफी मी मागायची. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोललं नाही.”

“शेवट सांगायचा नसतो ना. तसा नियमच आहे तुमचा.”

“हो. आणि त्यातच आम्ही चुकलो.”

रुमाल सुटला. मिझुहो-सान यांनी कॅसेट पाहिली, चिठ्ठी वाचली, पण हात पुढे केला नाही. मग त्यांनी विचारलं, “यात कोण मरतं?”

मित्रांनो, सात वर्षांत तोमिए-सान यांनी एकाही गिऱ्हाइकाला कशाचा शेवट सांगितला नव्हता. शाळेच्या गुरुजींनी एकदा हात जोडले, तरी नाही. आता फाटकाशी, वाऱ्यात उभं राहून त्या म्हणाल्या,

“कुणी नाही. बाराव्या भागात मांजर हरवतं. तेराव्यात सापडतं, कोळशाच्या पोत्यामागे. पिल्लं झालेली असतात. तीन.”

“तीन?”

“दोन काळी, एक ठिपक्यांचं. झालं! सगळं सांगून बसले. आता बघण्यासारखं काही उरलंच नाही.”

मिझुहो-सान हसल्या. हसता हसता टोपीच्या कडेनं डोळे पुसू लागल्या. “आमच्या ताईला मांजरं चालायची नाहीत,” त्या म्हणाल्या. “नुसतं चित्र बघून शिंका यायच्या.”

“मग ही तिला नसती चालली.”

“चालली असती. शिंकत शिंकत बघितली असती तिनं.”

आणि त्यांनी कॅसेट घेतली.

पुढच्या आठवड्यात, शनिवारी त्या दुकानात आल्या. कॅसेट रिवाइंड केलेली, डबी पुसलेली. तोमिए-सान यांनी सभासदत्वाचं कार्ड त्यांच्या हातात ठेवलं. मग मिझुहो-सान यांनी माझं पहिलं पान उघडलं आणि जुन्या नियमाखाली लिहिलं : ‘सुचवण्याआधी विचारावं, काय बघवत नाही? आणि ज्याला हवा असेल त्याला शेवट सांगावा.’ त्याखाली दुसऱ्याच गुरुवारी ‘तिसरा गिअर’ उमटला : ‘मला गंजलेले रोबो बघवत नाहीत.’

ती थांबलेली कॅसेट मात्र तोमिए-सान यांनी रिवाइंड केली नाही. दुकानासाठी दुसरी मागवली आणि ही कागदात गुंडाळून मागच्या फळीवर ठेवली.

मग माझे भरभराटीचे दिवस आले. लोक नुसतं नाव विचारायचे थांबले. ‘वडील वारलेत, दवाखान्याचे प्रसंग नकोत, पण खळखळून हसायचंय,’ असं लिहू लागले. उत्तरंही तशीच येऊ लागली. मी शंभराव्या पानापर्यंत भरले, माझ्यानंतर दुसरी आली, तिसरी आली. मला फळीवर जागा मिळाली. पुढे कॅसेट गेल्या, तबकड्या आल्या. मग तबकड्याही नकोशा झाल्या. आता तर हातातला फोनच सांगतो, ‘तुम्हाला हेही आवडेल.’ बिचाऱ्याचा राग नाही मला. तो दिव्याला दिवा जोडतो. आम्हीही तेच केलं होतं. मला जुन्या फलकांबरोबर खोक्यात घातलं. सहा वर्षं माझं पान कुणी उलटलं नाही. कडा पिवळ्या झाल्या, एक कसर माझं बावन्नावं पान चाखून गेली.

त्या गोष्टीला सोळा वर्षं झाली तेव्हा दुकान बंद झालं. आवराआवर करायला मिझुहो-सान आल्या. तोवर त्या गावच्या वाचनालयात काम करू लागल्या होत्या. तोमिए-सान यांनी मला त्यांच्या हाती दिलं आणि वर कागदात गुंडाळलेली ती कॅसेट ठेवली.

“रिवाइंड केलेली नाही हं,” त्या म्हणाल्या.

सोमवारी वाचनालयाला सुट्टी. मागच्या खोलीत त्या दुपारी तिघं बसली. त्र्याऐंशी वर्षांच्या कुवाबारा-सान यांनी आपलं जुनं यंत्र ढकलगाडीवर घालून आणलं होतं.

“नववा भाग ना? मी चहा करतो,” म्हणत ते उठू लागले.

“बसा हो इथेच,” मिझुहो-सान म्हणाल्या आणि त्यांनी टोपलीतलं एक संत्रं सोलायला घेतलं.

यंत्र घरघरलं. निळी ओढणी जिथे फडफडायची थांबली होती, तिथूनच पुन्हा फडफडू लागली. मग दुकानातून आणलेल्या पुढच्या भागांच्या कॅसेट एकामागून एक लागल्या, ऊन खिडकीतून भिंतीवर गेलं. कुणीही उठलं नाही.

मालिका संपल्यावर मिझुहो-सान यांनी माझं सत्तेचाळिसावं पान काढलं आणि नखानं कोपरा उचलला. आत ‘ओला मोजा’ची दुसरी ओळ तशीच वाट पाहत होती : ‘पण इथे थांबू नका. शेवटच्या भागासाठी तरी.’ तिच्याखाली मिझुहो-सान यांनी माझ्याच पेन्सिलीच्या बोटभर तुकड्यानं तीन ओळी लिहिल्या आणि कोपरा पुन्हा दुमडला. काय लिहिलं ते मी सांगणार नाही. नियम आहे.

आता मी वाचनालयाच्या खिडकीशी, लहान मुलांच्या टेबलावर असते. माझ्यासोबत एक कोरी वही आहे, ती तुमच्यासाठी. मित्रांनो, आम्हा वह्यांना जपा. ओल्या हातांनी धरू नका, पानं फाडू नका. आणि आपल्याला आवडलेलं दुसऱ्याला द्याल, तेव्हा देण्याआधी त्याच्या तोंडाकडे एकदा बघा. तो कुठे थांबलाय, ते विचारा.

दुमडलेला तो कोपरा तुम्हाला दिसेलच. त्याच्यावर, बाहेरच्या बाजूला, बारीक जपलेल्या अक्षरात एक ओळ आहे. ती कुणीही वाचावी :

‘एकट्यानं उघडू नका. मी काउंटरवर आहे. – अर्धं संत्रं.’