आधी तुझ्या आईचं नाव सांग

“यापुढे या फोनवरून कोणाचीही, कसलीही खाजगी माहिती बाहेर जाणार नाही! माणसाची माहिती म्हणजे माणसाची अब्रू. आणि या घरात अब्रूचं रक्षण केलं जाईल!”

खंडेराव आहेरांनी ही घोषणा खुर्चीवर उभं राहून केली. पंख्याची पाती पुसायला ते चढलेच होते. आता वर आलोच आहोत तर दोन शब्द बोलावेत, असं त्यांना वाटलं. टाळ्या काही पडल्या नाहीत. समोर शेजारच्या लताबाई मटार सोलत बसल्या होत्या, त्यांचे हात गुंतलेले होते.

“रक्षण करा,” स्वयंपाकघराच्या दारातून प्रतिभाकाकू म्हणाल्या, “पण आधी ते तिसरं पातं राहिलंय.”

घोषणेला कारण होतं. मोबाइलवर येणाऱ्या फोनचेसुद्धा पैसे पडायचे ते हे दिवस. त्यामुळे एकलहरे रस्त्याकडच्या त्या गल्लीत खंडेरावांचा काळा फोन हाच सगळ्यांचा फोन होता. गल्लीतल्या प्रत्येकाने सोयऱ्याधायऱ्यांना, शाळेत, दवाखान्यात त्यांचाच नंबर देऊन ठेवला होता आणि पुढे ‘पी.पी.’ असं लिहिलं होतं. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, माणूस हाक मारून बोलावला जाईल. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या स्टोअरमधून निवृत्त झाल्यावर खंडेरावांना उरलेलं मोठं काम हेच होतं. मागच्या आठवड्यात कोणा गोड आवाजाच्या बाईने याच फोनवर लताबाईंना सोडतीत कुकर लागल्याचं कळवलं होतं आणि बोलता बोलता नवऱ्याचं नाव, पगार, दुकानाचा पत्ता काढून घेतला होता. कुकर आला नाही. विम्याचा एजंट मात्र रोज येत होता, आणि येऊन लताबाईंच्याच हातचा चहा पीत होता.

खंडेराव तिसऱ्या पात्याला हात घालणार तोच फोन वाजला. ते उतरले, रिसीव्हर उचलला.

“हॅलो, निराधार योजनेच्या ऑफिसातून बोलतोय. पाटीलसाहेब.”

‘साहेब’ म्हटल्यावर खंडेरावांचा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे गेला. उभ्या नोकरीत त्या शब्दासरशी ते ताठ झाले होते; निवृत्तीने एवढ्या वर्षांची पाठ वाकत नाही.

“बोला साहेब.”

“आपण कोण?”

“मी खंडेराव तुकाराम आहेर. सेवानिवृत्त. पेन्शन नाशिकरोडच्या बँकेत जमा होतं, साहेब. मंडळींचं नाव प्रतिभा. मुलगा महेश, पुण्याला असतो, त्याच्या कंपनीचा पत्ता…”

“रक्तगट राहिला,” काकू म्हणाल्या.

खंडेरावांनी जीभ चावली. पण तिकडून साहेबांनी रक्तगट मागितला नाही. त्यांना गोजराबाई हव्या होत्या.

गोजराबाई गल्लीच्या टोकाला राहत. मळ्यांतून झेंडू आणून हार करायच्या आणि स्टेशनासमोर विकायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. निराधारांसाठीचं सरकारी अनुदान त्यांना मिळायचं. त्याला सगळी गल्ली ‘पगार’च म्हणायची. त्या पगारावर त्यांचा किराणा आणि डोळ्यांतलं औषध चालायचं. दसऱ्यापासून मात्र पगार आलाच नव्हता. विचारायला गेलं की उद्या या म्हणायचे. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब चुकवू नका म्हणून बजावलं होतं, आणि बाटली तर तळाला लागली होती. त्यामुळे पगाराच्या ऑफिसातून फोन आलाय म्हटल्यावर त्या हातातला सुईदोरा तसाच घेऊन पळत आल्या. त्यांच्यामागून आणखी दोन-तीन जणी आल्या. पी.पी.चा फोन कधी एकट्याने घ्यायचा नसतो, अशी गल्लीची रीत होती. शिवाय त्या फोनचा आवाज इतका खणखणीत होता, की रिसीव्हर कानाला लावायचा तो केवळ रीतभात म्हणून.

“आजी,” आवाज म्हणाला, “तुमचा पगार अडकलाय. आज माहिती दिली तर सुटेल, नाहीतर नाव कायमचं कटणार. पासबुकाचा नंबर सांगा, जन्मतारीख सांगा, आईचं नाव सांगा. संध्याकाळी आमचा माणूस पासबुक न्यायला येईल. तो देईल त्या बँकेच्या कोऱ्या स्लिपवर अंगठा द्या.”

गोजराबाईंनी खंडेरावांकडे पाहिलं. खंडेरावांनी छताकडे पाहिलं. कोऱ्या स्लिपवर अंगठा म्हणजे काय, हे स्टोअरमध्ये हयात घालवलेल्या माणसाला कळत होतं. पण समजा साहेब खरा निघाला? तर या बाईचा पगार आपल्या शहाणपणामुळे गेला, असं गल्ली जन्मभर म्हणणार. अब्रूचं रक्षण करायची वेळ आली होती आणि रक्षकाला घाम फुटला होता.

“देऊ नका,” ते अखेर म्हणाले. इतक्या हळू, की ते फक्त पंख्यालाच ऐकू गेलं असावं.

गोजराबाई फोनमध्ये म्हणाल्या, “सांगते की. पण पाटील म्हंजी कुठले पाटील?”

“आजी, मी ऑफिसातून बोलतोय.”

“हापिसात काय जन्मला न्हाईस ना? गाव कुठलं तुझं?”

“मुंबई.”

“मुंबई काय गाव हाय व्हय? मूळ गाव सांग.”

खोलीतल्या बायका सरसावून बसल्या. नव्या माणसाला पाणी द्यायच्या आधी त्याचं गाव विचारायचं, गाव कळलं की आडनाव, आडनावावरून मामा. तिथवर पोचल्याशिवाय त्याच्याशी पुढचं काही बोलायचंच नसतं. माणूस फोनमध्ये आहे म्हणून त्याला सूट द्यावी, असं कोणालाही वाटलं नाही.

“आजी, वेळ कमी आहे. पासबुकाचा नंबर…”

“लासलगावकडचा वाटतोय बोलण्यावरून,” लताबाई मोठ्याने म्हणाल्या.

“विंचूर,” तिकडून पटकन आलं. लासलगावचं म्हटलेलं विंचूरच्या माणसाला खपत नाही.

“विंचूरला कुठं? बाजाराकडं का वेशीकडं?” लताबाई मटार सोडून उठल्याच. विंचूर त्यांचं माहेर होतं.

“आजी, तुमच्या आईचं नाव सांगा म्हणतोय मी!”

“आधी तुझ्या आईचं सांग,” गोजराबाई म्हणाल्या. “माझी आई मेली, तिला आता कोणाचं भ्या नाय. तुझी जिती असंल. तिचं नाव घ्यायला लाज वाटती का?”

“लाज कसली?”

“मग घे की! का आईनं टाकला तुला?”

“टाकला नाही काही!” आवाज चिडला. “कुसाबाई नाव आहे माझ्या आईचं. झालं? आता तुमचं सांगा.”

स्वतःच्या नावाची थाप माणूस सहज मारतो. आईच्या नावाची मारायला जीभ उचलत नाही, आणि उचलली तरी तेवढ्या घाईत दुसरं नाव सुचत नाही.

लताबाईंनी रिसीव्हर ओढूनच घेतला. “कुसाबाई म्हणजे पिठाच्या गिरणीवाली? अरे, तू जीवन का रे? शाळेत असताना आमच्या चिंचेवरून पडला होतास तो?”

मग आवाज एकदम कडक झाला. “कोण जीवन? मी साहेब आहे. माहिती देत नाही ना? ठीक आहे. पगार बंद!”

गोजराबाईंनी रिसीव्हर परत घेतला. त्यांचा आवाज आता असा चढला, की कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याने वळून पाहिलं.

“कर बंद! पण बंद करायला तो आधी चालू तरी कर! दसऱ्यापासून हेलपाटे घालतीय मी. पासबुक माझं हाय, अंगठा माझा हाय. मेल्यावर बी या अंगठ्याला शाई नाय लागू देणार! धाड तुझा माणूस. धाडच! गल्लीतल्या समद्या बाया दारात बसत्यात, पाणी बी देऊ त्याला. गावाचं नाव सांगितल्यावर!”

फोन बंद झाला.

मग मात्र टाळ्या पडल्या. कोणी गोजराबाईंच्या पाठीवर थाप दिली, काकूंनी चहाचं आधण वाढवलं. खंडेरावांना वाटलं, या प्रसंगाला शोभेल असं कोणीतरी काही बोललं पाहिजे. ते पुन्हा खुर्चीवर चढले.

“आज या गल्लीने दाखवून दिलं आहे,” ते म्हणाले, “की सामान्य माणूस झुकत नाही! मीही शेवटपर्यंत…”

“तुम्ही साहेबाला महेशच्या कंपनीचा पत्ता देत होतात,” काकू म्हणाल्या.

फोन पुन्हा वाजला. खंडेरावांनी खुर्चीवरून वाकून रिसीव्हर उचलला. या वेळी त्यांनी नाव सांगितलं नाही. छाती काढून नुसतं “कोण पाहिजे?” म्हणाले.

“काका,” आवाज बारीक झाला होता, त्यातला साहेब पार निघून गेला होता. “मघाच्या आजींना देता का?”

गोजराबाईंनी रिसीव्हर घेतला. “काय रे?”

“आजी, चुकलं. परत नाही करणार. तुम्हालाच काय, कोणालाच नाही. पण त्या विंचूरच्या मावशींना सांगा… माझ्या आईला तेवढं कळू देऊ नका.”

लताबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. खंडेराव वरून मानेने नको-नको म्हणत होते. अशांची तक्रारच केली पाहिजे, असं त्यांचं मत होतं. गोजराबाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग पाठ फिरवली आणि तोंडावर पदर घेऊन, आवाज शक्य तितका खाली आणून म्हणाल्या, “नाय सांगत. पण पोरा, तुला आमची समद्यांची नावं कुठून तरी मिळत्यात. तिकडं हापिसात तुझी कोणाशी वळख असंल, तर माझ्या पगाराचं तेवढं बघशील का?”