चिठ्ठ्यांमध्ये काय निघालं

बत्तीस वर्षं मी नर्स होते. उलट्या, पू, चिघळलेल्या जखमा, सगळं या हातांनी साफ केलं. किळस कधी आली नाही. ती आली निवृत्तीनंतर, मनोरीच्या एका कॉटेजच्या अंगणात, आपल्याच चर्चच्या मुलांचे खेळ बघताना.

मुलुंडच्या आमच्या मराठी चर्चचा तरुण संघ एका दिवसाच्या शिबिराला गेला होता. बारा ते सतरा वयाची बावीस मुलं. सोबत कुणी मोठं बाईमाणूस हवं म्हणून पाळकसाहेबांनी मला पाठवलं. खेळ यज्ञेशकडे होते. यज्ञेश सत्तावीसचा, आयटीत नोकरी, गिटार वाजवायचा. तो आल्यापासून संघात मुलं वाढली होती, हे खरंच.

प्रार्थना झाली, नाश्ता झाला, आणि पहिला खेळ सुरू झाला. डोळे बांधायचे आणि ग्लासात असेल ते प्यायचं. ग्लासात कच्चं अंडं, दही, लसूण आणि टूथपेस्ट. पहिल्या मुलाचं तोंड वाकडं झालं तेव्हा मीही हसले. ते मला लपवायचं नाही.

तेरा वर्षांच्या निहारला दुसऱ्याच घोटाला उलटी झाली.

"हरलेल्याने साफ करायचं, रूल म्हणजे रूल!" यज्ञेश ओरडला आणि निहारचाच टॉवेल त्याच्या अंगावर फेकला. पोरगं गुडघ्यांवर बसून पुसायला लागलं. बाकीचे टाळ्या वाजवत होते. मी उठले, त्याच्या हातातून टॉवेल घेतला, फरशी पुसली. यज्ञेश म्हणाला, "मावशी, मजा घालवू नका ना."

मी तेव्हाच सगळं बंद करायला हवं होतं. केलं नाही.

दुसरा खेळ कागदाचा. मुलगा, मुलगी, मुलगा अशी रांग. ओठांनी श्वास ओढून कागदाचा तुकडा धरायचा आणि पुढच्याच्या ओठांवर द्यायचा. हात लावायचा नाही. सई मागे सरकली. चौदा वर्षांची, कमी बोलणारी. म्हणाली, "माझ्या पोटात दुखतंय."

"स्पोर्टिंग हो ना यार!" यज्ञेश म्हणाला. मग त्याने सगळ्यांना टाळीवर तिचं नाव घ्यायला लावलं. स-ई, स-ई. एकवीस मुलं एका सुरात. ती रांगेत येऊन उभी राहिली.

शेजारच्या मुलाने कागद मुद्दाम पाडला. एकच आरोळी उठली. यज्ञेशचा मोबाईल सईच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर होता. ती ओढणीने तोंड पुसत होती, पुसतच होती.

"बंद कर," मी म्हणाले.

"अहो मावशी, गेम आहे."

"मोबाईल खाली कर आणि बंद कर. आत्ता."

त्याने केलं, पण नाराजीने. जेवताना कुणी माझ्याशी फारसं बोललं नाही. परतीच्या फेरीबोटीत सई माझ्या शेजारी बसली. ओठांभोवती लाल झालं होतं. मार्वेचा धक्का जवळ आल्यावर ती हळूच म्हणाली, "मावशी, पप्पांना नका सांगू. मला परत पाठवणार नाहीत."

"तुला परत यायचंय?"

तिने ओढणी पुन्हा ओठांवर ओढली.

बुधवारी चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांची मीटिंग झाली. मी तक्रार मांडायच्या आतच कळलं की व्हिडिओ तरुण संघाच्या ग्रुपवर पडलाय आणि तिथून कितीतरी फोनमध्ये गेलाय. ज्येष्ठ पंच चंद्रप्रकाश यांच्याही. साठी उलटलेला माणूस, दर रविवारी उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ वाचणारा. त्यांनी तो टेबलावर सगळ्यांना दाखवला. संपल्यावर म्हणाले, "पुन्हा लावतो, थांबा." कागद पडला तिथे त्यांनी तो थांबवला आणि हसत म्हणाले, "आमच्या वेळी असे गेम नव्हते हो!"

दोघे-तिघे हसले. मला मनोरीतली तीच किळस पुन्हा आली.

"चंद्रप्रकाशदादा, ती चौदा वर्षांची आहे," मी म्हणाले. "बंद करा ते. आणि माझ्यासमोर डिलीट करा."

"कुंदाताई, मनात घाण नसली की असल्या गोष्टी घाण दिसत नाहीत."

"मग दोनदा कशाला बघितलंत?"

त्यांनी व्हिडिओ डिलीट केला. पाळकसाहेब चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, "मुलं येतायत, ताई. दोन वर्षांपूर्वी चारच होती." मग जरा थांबून, "पण हे असं नको. पुढचे खेळ तुम्हीच निवडा." त्याच संध्याकाळी त्यांनी ग्रुपवरून व्हिडिओ काढायला लावला. दुसऱ्या दिवशी मी सईच्या आईकडे जाऊन सगळं सांगितलं. लपवून ठेवणं मला जमलं नसतं.

खेळ निवडायचे कसे, मला काय कळतंय? रविवारी मी मुलांना कागद वाटले. "कुठला खेळ पुन्हा कधीच नको, ते लिहा. नाव घालू नका."

सगळ्यांसमोर चिठ्ठ्या वाचताना वर बघवेना. 'मी जाड आहे म्हणून रस्सीखेचीत मला दगड म्हणतात.' 'डोळे बांधून ओळखायच्या खेळात कोण कुठे हात लावतं ते कळत नाही.' 'मला शेंगदाणे चालत नाहीत. डोळे बांधून खायला देतात तेव्हा भीती वाटते.' 'सगळे हसतात म्हणून मी पण हसतो.' दोन चिठ्ठ्यांत यज्ञेशचं नाव होतं, त्या तर मी मोठ्याने वाचूच शकले नाही. त्या पाळकसाहेबांच्या हातात दिल्या. त्यांनी वाचल्या आणि यज्ञेशला ऑफिसात बोलावलं. त्यानंतर संघाची जबाबदारी त्याच्याकडे राहिली नाही. त्याच्याबरोबर सहा मुलंही गेली.

उरलेल्यांनी मिळून ठरवलं. अन्नाशी खेळ नाही. अंगाला हात लागेल असं काही नाही. शूटिंग नाही. नको म्हटलं की नको, कारण विचारायचं नाही. आता आवारात लगोरी रंगते, मऊ चेंडूने. कुणाला नसेल खेळायचं तर तो गुण लिहितो. निहार जाम आरडाओरडा करतो. सई तिसऱ्या रविवारी आली, गुण लिहायला बसली. कुणी तिचं नाव घेऊन टाळ्या वाजवल्या नाहीत.

परवा उपासना सुटल्यावर दारात चंद्रप्रकाश उभे होते. "सलाम, कुंदाताई," असं आमच्या चर्चच्या रीतीने म्हणत त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला. क्षमा करावी हे मला ठाऊक आहे, रोज त्यासाठी प्रार्थनाही करते. मी लांबूनच मान हलवली आणि पायऱ्या उतरले.