हिरवं, लाल आणि जुनं कार्ड

“हे गाठोडं कायचं होय गा अश्वजित? कोणाच्या घरचं सामान घेऊन चालला?”

नानाजी खिडकीकडे सरकले आणि मला बसायला जागा झाली. गाठोड्यात माझा कॉम्प्युटर होता, जुन्या चादरीत बांधलेला. समुद्रपूरहून वर्ध्याला जाणाऱ्या एसटीत असा डबा मांडीवर घेऊन बसलं की कंडक्टरपासून कॉलेजच्या पोरींपर्यंत सगळे चौकशी करतात. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी ऐटीत सांगितलं असतं. पण नानाजी दिसले की गेली तीन वर्षं मी नजर चुकवतो.

“ग्राफिक्स कार्ड बदलवाले चाललो, वर्ध्याले,” मी म्हणालो. “लग्नाच्या सीझनच्या आत नवीन बसवतो. फिल्म लवकर निघते त्यानं.”

“बदलवच. तुही मशीन लय जुनी झाली. बिचारी किती दिवस ओढन?” ते म्हणाले. “मी बी येतो पाहाले. माह्यं पेन्शनचं काम अर्ध्या घंट्याचं हाय.”

नको म्हणायला कारण सुचलं नाही. बाकी कारणं सुचण्यात मी कधी मागे नसतो.

समुद्रपूरच्या बसस्टँडमागे माझा स्टुडिओ आहे. चौदा वर्षं लग्नांची शूटिंग करतो आणि त्यांचं मिक्सिंग, म्हणजे कापून-जोडून फिल्म बनवणं, तेही करतो. शूटिंग एका दिवसाचं असतं, पण मिक्सिंगला बैठक लागते आणि माझी बैठक कच्ची. त्यामुळे काम लांबतं. लांबलं की मी सांगतो, मशीन जुनी आहे. नाचता येईना अंगण वाकडं, तसं. गिरडच्या एका मुलीच्या लग्नाचं काम त्या दिवशीही महिन्यापासून पडून होतं आणि तिच्या घरच्यांनाही मी मशीनच सांगितलं होतं.

नानाजींनी माझं हे कारण सर्वांत जास्त मनापासून मानलं. एकतीस वर्षं ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. यंत्र थकतं, त्याला दम घेऊ द्यावा लागतो, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, पौर्णिमाचं लग्न मी शूट केलं होतं. मे महिना होता. सकाळी स्वयंपाकी आलाच नाही, म्हणून पौर्णिमाची आई कांताबाई चुलीपाशी ज्या बसल्या त्या तिथेच अडकल्या. स्टेजवर पंचशील झालं, मुलीने मुलाच्या गळ्यात हार घातला, तेव्हा कांताबाई मागच्या मांडवात पुऱ्या तळत होत्या. आपल्या मुलीचं लग्न त्यांनी पाहिलंच नाही. संध्याकाळी मला म्हणाल्या, “जाऊ दे, तुयाजवळ हाय नं सगळं. व्हिडिओत पाहीन.”

अंगणवाडीत मदतनीस होत्या. सुट्टी झाली की वाट वाकडी करून माझ्या दुकानात यायच्या. “झालं का रे बाळा?” मी म्हणायचो, “रेंडर लावून हाय, मावशी.” रेंडर म्हणजे जोडलेल्या तुकड्यांची मशीनने सलग फिल्म तयार करणं; पण ते काय असतं हे त्यांनी विचारलं नाही. एकदा म्हणाल्या, “बसू का थोडी? सरकताना पाहाते.” आणि स्क्रीनवरची ती हिरवी पट्टी सरकताना त्या तासभर स्टुलावर बसून पाहत राहिल्या. ती पट्टी त्यांच्या मुलीच्या लग्नाची नव्हती. एका ठेकेदाराच्या मुलाच्या रिसेप्शनची होती. मी ते सांगितलं नाही. चहा मात्र पाजला.

सात महिने असे गेले. डिसेंबरात कांताबाईंच्या किडन्यांनी दगा दिला आणि पंधरा दिवसांत त्या गेल्या. त्यानंतरच्या आठवड्यात मी बसलो आणि दोन दिवसांत काम संपवलं. पेनड्राइव्ह घेऊन घरी गेलो तेव्हा नानाजी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “तुया मशीनचा काय दोष?”

वर्ध्यात रोशनचं दुकान कॉम्प्युटरच्या सामानाने छतापर्यंत भरलेलं आहे. त्याने नवीन आलेलं सगळ्यांत वरचं कार्ड आणि त्याच्या तोडीचं दुसऱ्या कंपनीचं, अशी दोन्ही नागपूरहून मागवून ठेवली होती. एकाचा खोका हिरवा, दुसऱ्याचा लाल. पंधरा दिवस मी या दोघांच्या तुलनेचे व्हिडिओ पाहत होतो. त्यांत सगळे गेम खेळून दाखवतात. मला गेमशी काय करायचं? शिवाय त्या पोरांच्या खोलीत एसी असतो आणि माझ्याकडे मे महिन्यात कूलरचं पाणीसुद्धा कढत असतं. म्हणून ठरवलं की माझाच डबा न्यायचा आणि माझंच काम त्यावर चालवून पाहायचं.

कोणतं काम न्यायचं, याचा विचार मी केला नव्हता. माझ्याकडचं सर्वांत जड काम एकच आहे आणि नवीन काहीही घेतलं की मी तेच लावून पाहतो. नानाजी सोबत असतील हे कुठे ठाऊक होतं? पेन्शनचं काम उरकून ते दुकानात आले तेव्हा रोशनने ते उघडलं होतं. फोल्डरचं नाव ‘पौर्णिमा नानाजी’.

“हे तं आपल्या पौर्णिमाचं होय,” नानाजी म्हणाले आणि खिशातून चष्मा काढून स्टूल पुढे ओढलं.

आधी हिरवं लावलं. ते इतकं लांब निघालं की हार्ड डिस्कची जाळी काढावी लागली. दीड तासाची फिल्म त्याने बावीस मिनिटांत तयार केली. मग लाल लावलं. त्याला एकोणतीस मिनिटं लागली, पण ते वीज कमी मागत होतं आणि मुकाट्याने चालत होतं.

“माह्या हिशोबानं लाल घे, दादा,” रोशन म्हणाला. “तुमच्या इकडं लाइन वरखाली होते. सात मिनिटांसाठी कायले हिरव्याच्या मागं लागतं?”

“तसंच करू,” मी घाईने म्हणालो. “बांध मंग.”

“थांब गा,” नानाजी म्हणाले. “जुन्याले किती वेळ लागते ते तं पाहू. जुन्या इंजिनाचं मायलेज माहीत नसन तं नव्याचं कौतुक कायचं?”

“त्याले लय वेळ लागते, नानाजी. बस चुकन.”

“पूर्ण नाई करत आपण,” रोशन म्हणाला. “लावलं का मशीन सोताच टाइम सांगते.” आणि मी काही बोलायच्या आत त्याने माझं जुनं कार्ड परत बसवलं.

मी दाराकडे पाहत उभा राहिलो. बाहेर एक ऑटो कापसाची गाडी निघायची वाट पाहत थांबला होता. तेवढ्यात निघून जावं असं मनात आलं.

पट्टी सुरू झाली. पट्टीखाली आकडा आला. नानाजींनी चष्मा सावरून तो मोठ्याने वाचला.

“तीन घंटे दहा मिनटं.”

त्यांनी वाकून डब्यातल्या कार्डाकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, “हे तेच कार्ड होय नं? लग्नाच्या टायमाचं?”

“हो.”

“मंग बाकीचे सात महिने?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. वर्कशॉपमध्ये गाडी कुठे अडते ते शोधताना विचारावं तसं त्यांनी विचारलं. मला तेव्हाही खोटं बोलता आलं असतं. हार्ड डिस्क, लाइट, काहीही. तीन वर्षं तेच तर करत होतो.

“मशीन नाई, नानाजी,” मी म्हणालो. “मीच. दुसऱ्याईचे काम पुढं घेतले, तुमचं मागं ठेवलं. मावशी येत, तवा हे काम मी उघडलं बी नव्हतं.”

रोशन बिल शोधायच्या निमित्ताने आत गेला. स्क्रीनवर पट्टीच्या वर छोट्या चौकटीत लग्नातली माणसं झरझर येत-जात होती.

“मी तिले रागावलो होतो,” नानाजी पट्टीकडे पाहतच म्हणाले. “म्हटलं, काऊन त्या पोराच्या मागं लागून राह्यली? मशीनले घाई करता येत नाई. मंग ती यायची बंद झाली.”

मला वाटत आलं होतं की काम होत नाही हे कळून कांताबाईंनीच नाद सोडला. शेवटचे दोन महिने त्या आल्या नाहीत, याचं मला तेव्हा हायसं वाटलं होतं. ते आठवून मला माझीच शिसारी आली.

“बंद करू का, काकाजी?” रोशनने बाहेर येऊन विचारलं.

“नाई. चालू दे,” नानाजी म्हणाले. “पुरं होऊ दे.”

ते तीन तास दहा मिनिटं स्टुलावर बसून राहिले. जेवायला उठले नाहीत. मी पाण्याची बाटली आणून ठेवली ती त्यांनी घेतली. माझ्याशी बोलले एकदाच. “ती दिसते का याच्यात?”

“दोनदा,” मी म्हणालो. “एकदा पुऱ्या काढताना. एकदा पौर्णिमाले बिदाईत धरून.”

पुऱ्यांचा भाग आला तेव्हा मी बोट दाखवलं. चौकटीत कांताबाई क्षणभर दिसल्या आणि गेल्या. पट्टी पुढे सरकत राहिली.

काम पूर्ण झालं तेव्हा चार वाजून गेले होते. लाल कार्ड घेतलं. एवढं वजनदार कार्ड आत लावून एसटीत नेलं तर हादऱ्याने त्याची खाच तुटते, म्हणून रोशनने ते काढून खोक्यात दिलं. परतीच्या बसमध्ये नानाजी माझ्या शेजारी बसतील असं मला वाटलं नव्हतं. पण ते बसले. डबा मी पायांत ठेवला.

“तो खोका इकडं आण,” ते म्हणाले. “तुया हातात दणके खाईन.”

मी दिला. त्यांनी तो मांडीवर घेतला. बस हिंगणघाटाकडच्या रस्त्याला लागली. माफी मागावी असं दोनदा मनात आलं. मागून तरी काय मिळणार होतं आणि कोणाकडून?

जामचा स्टँड सोडल्यावर त्यांनी विचारलं, “आता कोणाचं काम पडून हाय तुयाजवळ?”

“गिरडच्या एका पोरीचं. महिना झाला.”

“तिची माय हाय?”

“हाय.”

“मंग उतरल्यावर पहिले तेच लाव,” ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

पुढे रस्ता खराब होता. खड्डा आला की नानाजी खोका मांडीवरून दोन्ही हातांनी अलगद उचलून धरत आणि बस सरळ झाली की परत खाली ठेवत.